दुधगंगेचे पाणी, माशांचा वाटा आणि बारावीनंतरची वाट

प्रिय विद्यार्थिनीस,

बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याजवळच्या, दुधगंगा नदीकाठच्या गावातून तू पाठवलेले पत्र मिळाले. पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, तुझे भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय आहेत. उपसाबंदी, म्हणजे नदीतून मोटरीने पाणी उचलायला मनाई, लागल्यावर घरात चाललेली घालमेल आणि आटलेल्या डोहात मरून तरंगणारे मासे, ही दोन्ही दृश्ये तू एकाच आठवड्यात पाहिलीस, आणि नदीच्या पाण्याची वाटणी होते तेव्हा माशांच्या बाजूने बोलणारे कोणी असते का, असल्यास त्यासाठी काय शिकावे लागते, असे तू विचारले आहेस. ‘माशांसाठी पाणी सोडून आम्ही ऊस वाळवायचा का?’ हे आप्पांचे म्हणणेही तू न लपवता कळवलेस. प्रथम त्याचाच विचार करू.

आपल्याकडे पाण्याचा हक्क वर्षाच्या बेरजेत मोजतात. कृष्णेच्या बाबतीत राज्यांत पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्या हिशेबात माशांच्या नावाचे खाते नव्हते. कावेरी लवादाने २००७ च्या निवाड्यात पर्यावरणासाठी १० टीएमसी बाजूला काढले, म्हणजे ही कल्पना आता कायद्याला परकी राहिलेली नाही. मात्र मासा वर्षाच्या बेरजेवर जगत नाही. १ टीएमसी पाणी एका दिवसात सोडले तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) लोंढा येतो आणि तेच शंभर दिवस सोडले तर जेमतेम ११६ क्युसेकची धार राहते. कागदावर दोन्ही सारखेच. डोहातल्या माशाला मात्र एप्रिल-मे महिन्यांत ती धारच वाचवते.

दुसरी गोष्ट तू घराजवळ पाहू शकतेस. मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात. त्या वेळी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येण्याजोग्या फळ्या, अजून काढलेले नसतील, तर मासे भिंतीखालीच अडतात आणि जाळ्यात सापडतात. बरगे चार दिवस आधी निघाले म्हणून ऊस वाळत नाही, कारण तोवर पाऊस लागलेला असतो. अर्थात पाऊस लांबला, तर बरगे काढायची जोखीम कोणी घ्यायची, हा आप्पांचा प्रतिप्रश्न रास्तच ठरेल. कृष्णा खोऱ्यात नाकाडावर मांसल उंचवटा असलेला एक मासा आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव दिले ‘नुक्टा’, म्हणजे आपल्याच बोलीतले. आज त्याची गणना संकटग्रस्त माशांत होते.

अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या वरच्या खोऱ्यात या पेचावर एक तोडगा निघाला, तो वाचून ठेव. तेथे १९८८ पासून चार संकटग्रस्त माशांसाठी संयुक्त कार्यक्रम चालतो. १९९९ मध्ये ग्रँड जंक्शनजवळच्या पंधरा मैलांच्या पट्ट्याबाबत असे ठरले की माशांसाठीची कामे होत राहिली, तर वरच्या भागात पुढील विकासासाठी आणखी १,२०,००० एकर-फूट, म्हणजे आपल्या मापात सव्वापाच टीएमसी, पाणी वापरता येईल. धरणांतून उन्हाळ्याच्या अखेरीस माशांसाठी पाणी सोडणे आणि बंधाऱ्यांना मत्स्यमार्ग बांधणे ही त्यांपैकी काही कामे. तेथे ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, हा नियम आहे. आपल्याकडे तो नाही, त्यामुळे ही व्यवस्था जशीच्या तशी येथे लागू पडणार नाही.

आता शिक्षणाविषयी. कायद्याचे आकर्षण तुझ्या पत्रात दिसते आणि ते अस्थानी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारे वा त्यातून बाहेर जाणारे पाणी वळवायला परवानगी लागते आणि खानापूरकडून गोव्यात जाणाऱ्या म्हादई नदीचे पाणी वळवण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या वादात गोव्याने याच कलमाचा आधार घेतला. तरीही क्युसेकचा तक्ता न समजणाऱ्या वकिलाला दुसऱ्याने दिलेल्या आकड्यांवरच विसंबावे लागते, म्हणून कायदा पदवीनंतर तीन वर्षांत करावा असे माझे मत आहे. स्थापत्य अभियांत्रिकी आणि पुढे सुरतकल किंवा रुडकी येथे जलशास्त्र हा मार्ग भक्कम आहे, पण त्यात जीवशास्त्र सुटते.

तुझ्यासाठी मी मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयाची चार वर्षांची पदवी सुचवते. प्रवेश के-सीईटी या कर्नाटकाच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागाही असतात. महाराष्ट्रात शिरगाव-रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत. महाराष्ट्र हक्क सांगत असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या यादीत तुझे गाव असेल, तर महाराष्ट्रातील सवलतींची माहितीपुस्तिका नीट वाच. पुढे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. एक कटू गोष्ट सांगायला हवी: या पदवीनंतर बहुतेक नोकऱ्या मत्स्यपालन, खाद्य आणि कोळंबीच्या व्यवसायात मिळतात. नदीचे काम करणाऱ्यांच्या जागा थोड्या असतात आणि त्या गणित न सोडलेल्यांना मिळण्याची शक्यता अधिक असते. कन्नडही लिहिता-वाचता येईल इतके पक्के कर. बंगळूरचा कन्नड अहवाल आणि कोल्हापूरचे मराठी पत्र मुळातून वाचू शकणारी माणसे दुधगंगेच्या काठावरच सापडतात, आणि ही पात्रता कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही.

परीक्षा संपल्यावर एक वही घाल. बरगे कोणत्या तारखेला निघाले, पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते, चढणीचे मासे कधी दिसले आणि भोई आजोबा त्यांना कोणत्या नावाने ओळखतात, ते लिहून ठेव. त्याच वहीत आप्पांच्या मोटरची हॉर्सपॉवर, पाळीचे तास आणि भिजलेले क्षेत्रही लिही. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ती वही मला दाखवलीस तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.