वाचकांचे प्रश्न : विलास सारंग आणि दोन भाषांमधला लेखनप्रवास

प्रश्न : विलास सारंग यांच्या काही कथा मला आधी मराठीत आणि नंतर इंग्रजीत वाचायला मिळाल्या. यांतले मूळ लेखन कोणते समजायचे? त्यांना मराठी लेखक म्हणावे की इंग्रजी? त्यांच्या एकूण लेखनाचीही माहिती द्यावी.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर : सारंगांचा जन्म १९४२चा, कारवारचा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले, पण तिथल्या मराठी शिक्षणाची आणि मुंबईशी असलेल्या येण्याजाण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. सारंगांचे उच्च शिक्षण मुंबईत झाले, इंग्रजी साहित्यात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठातून दुसरी डॉक्टरेट घेतली. सत्तरच्या दशकात ते इराकमधल्या बसरा येथे शिकवत होते, नंतर मुंबई विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले आणि त्यानंतर बरीच वर्षे कुवेतमध्ये अध्यापन करीत राहिले. एप्रिल २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुस्तकांचा क्रम पाहिला की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पहिला कथासंग्रह ‘सोलेदाद’ १९७५ साली मराठीत आला आणि ‘अ काइंड ऑफ सायलेन्स’ हा इंग्रजी कवितासंग्रह १९७८ साली कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉप या प्रकाशनसंस्थेने काढला. बसऱ्याच्या अनुभवावर उभी असलेली ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी १९८३ची; एन्की हा त्या भूमीतला प्राचीन सुमेरी देव. हीच कादंबरी दहा वर्षांनी ‘इन द लँड ऑफ एन्की’ या नावाने इंग्रजीत आली. मधल्या काळात, १९९० साली, ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ हा इंग्रजी कथासंग्रह निघाला. त्यातल्या कथा मराठीतून इंग्रजीत नेताना सारंगांबरोबर इंडियाना विद्यापीठातले प्राध्यापक ब्रेऑन मिचेल होते. ज्यांच्या कथांना समीक्षक वारंवार दुःस्वप्नासारख्या कथा लिहिणाऱ्या जर्मनभाषी काफ्काचे नाव चिकटवत, त्यांचा हा सहकारी पुढे काफ्काच्या ‘द ट्रायल’चा इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजला गेला, हा योग मला फार गमतीचा वाटतो.

तेव्हा बहुतेक कथांचा जन्म मराठीत झाला, हे खरे. तरीही इंग्रजी पाठाला निव्वळ भाषांतर म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण भाषांतरकार परक्या मजकुराशी बांधलेला असतो, तर लेखक स्वतःच्या कथेला पुन्हा हात घालताना तिच्यात फेरफार करायला मोकळा असतो. शिवाय सारंगांचे मराठी गद्यच मुळात असे आहे की ते दुसऱ्या भाषेत सहज जाते. वाक्ये आटोपशीर आणि कोरडी, एखाद्या अहवालात शोभावीत अशी. म्हणी, बोलीतले लकबदार उद्गार, संवादातला लडिवाळपणा जवळजवळ नाही. घटना मात्र अशा की वाचक हबकून जावा. एका कथेतला निवेदक अशा बेटावर पोहोचतो, जिथल्या स्त्रियांना एक तर वरचे अर्धे शरीर आहे किंवा खालचे. आणि हे सारे आपल्याला मुलाखतीच्या शांत सुरात सांगितले जाते. मराठी कथा आपल्या माणसांबद्दल जिव्हाळ्याने बोलते, अशी सवय झालेल्या वाचकाला हा सूर परका वाटला, यात नवल नाही. त्यांच्या मराठीवर इंग्रजी वाचनाची छाया आहे, हा आक्षेप साफ चुकीचा नाही. पण ती छाया त्यांनी जाणूनबुजून घेतली होती. त्यांच्या समीक्षालेखसंग्रहाचे नावच ‘सिसिफस आणि बेलाक्वा’, म्हणजे सिसिफस ही एक खूण फ्रेंच लेखक कामूच्या निबंधाची आणि बेलाक्वा ही एक आयरिश लेखक बेकेटच्या कथांतल्या नायकाची. आपल्या या दुभंग स्थितीवर त्यांनी ‘वर्ल्ड लिटरेचर टुडे’ या अमेरिकी नियतकालिकात इंग्रजीत जो लेख लिहिला, त्यातही त्यांनी स्वतःला मराठी लेखकच म्हटले आहे. मी त्याच शब्दावर थांबेन.

त्यांच्या कवितांचे स्थान मी कथांच्या खाली लावतो. ‘कविता : १९६९-१९८४’मध्ये काही धारदार रचना आहेत, पण कथेत जी भयचकित करणारी कल्पना ते तीन-चार पानांत फुलवतात, तिला कवितेत पुरेशी जागा मिळत नाही. १९५० नंतरच्या भारतीय इंग्रजी कवितेचे त्यांनी केलेले संपादन (१९८९) मात्र अभ्यासूंनी जरूर पाहावे.

प्रश्न : सारंगांचा उल्लेख कोकणकिनाऱ्यावरचा लेखक म्हणून केला जातो. त्यांच्या कथांत ना आपली माणसे, ना आपली बोली, ना माडाच्या वाड्या. केवळ जन्मगावावरून हा मान कशाला?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. प्रदेशाचे चित्रण हीच अट असेल, तर सारंग त्या यादीत बसत नाहीत. बा. भ. बोरकर मराठी आणि कोंकणी अशा दोन भाषांत कविता लिहीत, १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘सासाय’ या कोंकणी संग्रहासाठी मिळाला, आणि त्यांच्या दोन्ही भाषांत गोव्याची माती सारखीच दरवळते. सारंगांचे जग बहुतांशी मुंबईचे आणि तेही स्वप्नातल्यासारखे विस्कटलेले.

तरी एक कथा आपण वाचावी. ‘अ रिव्होल्ट ऑफ द गॉड्स’ या नावाने ती इंग्रजीत आहे. विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती जिवंत होतात आणि भक्तांच्या हातून निसटून पळ काढतात. आपल्याकडे गणपती डोक्यावर घेऊन व्हाळावर किंवा समुद्रावर नेतात, मूर्ती पाण्यात सोडतात आणि पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी परततात. बुडवले जाणे त्या देवाला मान्य आहे का, हा विचार त्या गडबडीत कुणाच्याही मनात येत नाही. ही कथा नेमका तोच प्रश्न विचारते, आणि देवाची थट्टा न करता विचारते. असा प्रश्न पडायला विसर्जन आतून ठाऊक असावे लागते. जन्मगावावरून मान देण्याचा आग्रह मात्र माझाही नाही.

प्रश्न : मी मराठीत कविता आणि इंग्रजीत कथा लिहितो. एकच भाषा धर, नाहीतर दोन्हीकडून जाशील, असे सगळे सांगतात. काय करावे?
— एक तरुण वाचक, देवगड

उत्तर : सांगणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सारंगांना दोन्ही भाषांत वाचक मिळाले, पण थोडे. मराठी समीक्षेने त्यांना बरीच वर्षे दारातच उभे ठेवले आणि इंग्रजी वाचकाला ते फार उशिरा, ‘द विमेन इन केजेस’ (२००६) या कथासंग्रहातून एकत्रित दिसले. उलट उदाहरण दिलीप चित्रे यांचे. ते दोन्ही भाषांत कविता लिहीत, मराठीत कथा लिहीत. ‘ऑर्फिअस’ हा त्यांचा कथासंग्रह १९६८चा. १९९४ साली ‘एकूण कविता’च्या पहिल्या खंडाला मराठीसाठीचा आणि तुकारामांच्या अभंगांच्या ‘सेज तुका’ या इंग्रजी अनुवादाला भाषांतराचा, असे साहित्य अकादमीचे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले. फरक असा की चित्र्यांच्या दोन भाषांमध्ये तुकाराम उभे होते. सारंगांच्या दोन भाषांमध्ये फक्त सारंग.

तुम्ही भाषा सोडू नका, पण एक सवय लावून घ्या. इंग्रजीत लिहिलेली एखादी कथा काही महिने बाजूला ठेवून मराठीत नव्याने लिहा, समोर मूळ प्रत न ठेवता. ग्रामदेवतेपुढच्या गाऱ्हाण्याचा प्रसंग इंग्रजीत लिहिताना परक्या वाचकासाठी जी समजावणीची वाक्ये घातली गेली असतील, ती मराठीत आपोआप गळतील. मग पुन्हा इंग्रजी प्रत उघडा आणि तिथूनही ती काढून टाका. कथा उभी राहते की कोसळते, ते लगेच कळेल. वाचनाची सुरुवात ‘सोलेदाद’पासून करा, त्यानंतर इंग्रजी कथा घ्या. ‘एन्कीच्या राज्यात’ शेवटी ठेवा. ती कादंबरी मध्यावर रेंगाळते, आणि आधी तीच हाती घेतली तर तुम्ही कथांपर्यंत पोहोचणारच नाही.