सेनेगॅम्बिया : दोन शेजारी एक झाले, मग फुटले का?

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात सेनेगलच्या पोटात गॅम्बिया नावाची बारीकशी पट्टी दिसते. हे दोन देश मधे काही वर्षं एकत्र होते म्हणे. मग फाटलं कशावरून, भाषेवरून का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भाषेवरून नाही हो. दोन्हीकडे वोलोफ, मांडिंका, फुला बोलणारीच माणसं, सोयरिकी पण सीमेपलीकडे होतात. फक्त सेनेगलवर फ्रेंचांचं राज्य होतं आणि गॅम्बियावर इंग्रजांचं. गॅम्बिया म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ, रुंदी 50 किलोमीटर पण नाही.

जुलै 1981 मधे गॅम्बियाचे अध्यक्ष दाऊदा जवारा चार्ल्स-डायनाच्या लग्नाला लंडनला गेलेले आणि इकडे 30 जुलैला कुकोई सांबा सान्यांगने बंड केलं. देशाला धड सैन्यच नव्हतं, जे निमलष्करी दल होतं त्यातलेच काही जण बंडात, मग जवारांनी सेनेगलकडे मदत मागितली, तिथले अध्यक्ष अब्दू जूफ यांनी फौज पाठवली, बंड मोडलं पण शेकडो माणसं मेली. लगेच डिसेंबरात करार आणि 1 फेब्रुवारी 1982 पासून दोन्ही देशांचा सेनेगॅम्बिया महासंघ सुरू. जूफ अध्यक्ष, जवारा उपाध्यक्ष, संसदेत 60 पैकी 40 जागा सेनेगलच्या.

मला वाटतं घोळ इथेच झाला. जवारांना खुर्ची टिकवायची होती आणि सेनेगलला आपल्या पोटात दुष्मन सरकार नको होतं, कारण त्या पट्टीमुळे त्यांचा दक्षिणेकडचा कासामान्स हा भाग आधीच तुटल्यासारखा. दोघंही भीतीपोटी एकत्र आले.

पण लोकांचं पोट होतं जकातीच्या फरकावर! सेनेगल स्वतःचे कारखाने जगवायला आयातीवर जबर कर लावायचा, गॅम्बियात कर कमी, त्यामुळे कापड, साखर असला माल गॅम्बियाची राजधानी बांजुलच्या बंदरात उतरायचा आणि गुपचूप सीमेपलीकडे सेनेगलात जायचा. उलट भाव बरा मिळाला की सेनेगलचा शेतकरी भुईमूग गॅम्बियात आणून विकायचा. दोन्हीकडे जकात सारखी केली तर बांजुलच्या व्यापाऱ्याचा धंदाच बसतो आणि सरकारी तिजोरीलाही फटका, मग ती बोलणी वर्षानुवर्षं रखडली. चलनही वेगळंच राहिलं, इकडे डलासी, तिकडे सीएफए फ्रँक.

1989 मधे सेनेगलचं मॉरिटानियाशी बिनसलं, सैन्य उत्तरेला हवं होतं, त्यात जवारा म्हणायला लागले की अध्यक्षपद आळीपाळीने मिळावं. जूफनी ऑगस्टमधे गॅम्बियातली आपली फौज काढून घेतली आणि 30 सप्टेंबरला महासंघ बरखास्त.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पुलाचं. सेनेगलमधून कासामान्सला जाणारे ट्रक गॅम्बियातल्या फाराफेन्नी गावाजवळ नदी ओलांडायला फेरीबोटीसाठी रांगेत ताटकळत राहायचे, लोकांना रोज भोगावी लागणारी अडचण ही होती, आणि तिथे पूल सुरू झाला जानेवारी 2019 मधे, महासंघ मोडल्यावर जवळजवळ 30 वर्षांनी. एकत्र होते तेव्हाच तो बांधायला हवा होता.