वाचकांचे प्रश्न : ॲनालॉग गेल्यावर वाहिन्यांचे काय बदलले?

प्रश्न : आमच्या गावच्या घराच्या छपरावर जुना अँटेना अजून उभा आहे. पूर्वी त्यावर दूरदर्शन उत्तम दिसे, आता पडद्यावर फक्त मुंग्या येतात. दूरदर्शनने ही सेवा बंद केली का? आणि केली असेल, तर त्याच अँटेनावर डिजिटल चित्र का दिले नाही? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दोष अँटेनाचा नाही आणि संचाचाही नाही. मनोऱ्यावरून थेट घरापर्यंत पोहोचणारे जुन्या, म्हणजे ॲनालॉग, पद्धतीचे प्रक्षेपण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने थांबवले. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे पन्नास प्रक्षेपण केंद्रे वगळता बाकीची ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरवले होते. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ॲनालॉग पद्धतीत एका प्रक्षेपकावरून एकच वाहिनी जाते. त्याची वीज, देखभाल आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र प्रेक्षक किती आहेत हे पाहून कमी होत नाही, आणि प्रेक्षक तर कधीच केबलकडे किंवा उपग्रहाच्या डिशकडे (छत्रीकडे) वळलेले होते.

त्याच अँटेनावर डिजिटल देण्याचा प्रयत्नही झाला. २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ या, मनोऱ्यावरून डिजिटल चित्र पाठवण्याच्या पद्धतीचे प्रक्षेपण सुरू केले, त्यांत मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद ही शहरे होती. एका वाहिनीच्या जागेत पाच वाहिन्या मावत होत्या. पण ते पाहण्यासाठी संचात योग्य ट्यूनर किंवा वेगळे डोंगल लागे, आणि ते फारच थोड्या घरांत होते. दूरदर्शनचा खरा भर राहिला तो डीडी फ्री डिश या आपल्या उपग्रह सेवेवर. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतले की झाले. सह्याद्री वाहिनीही तिच्यावर आहे. तुम्हाला हाच मार्ग सोयीचा पडेल.

प्रश्न : २०१२ मध्ये आमच्याकडे सेट टॉप बॉक्स सक्तीने बसवला गेला. चित्र सुधारेल असे सांगितले होते आणि ते सुधारलेही. पण यात वाहिन्यांचा काय फायदा होता? (एक वाचक, दादर)

उत्तर : चित्राची गोष्ट ग्राहकाला सांगण्यासाठी होती. वाहिन्यांच्या दृष्टीने मूळ प्रश्न जागेचा आणि हिशेबाचा होता.

ॲनालॉग केबलमधून साधारण ऐंशी ते शंभर वाहिन्या जाऊ शकत, आणि जुन्या संचांना त्यांतल्याही सगळ्या पकडता येत नसत. त्यामुळे सुरुवातीच्या क्रमांकांना मोक्याच्या दुकानाच्या गाळ्यासारखा भाव आला होता. आपली वाहिनी तिथे लागावी म्हणून वाहिन्याच केबल कंपन्यांना पैसे मोजत, आणि ज्या नव्या वाहिनीला ते परवडत नसे तिचे कार्यक्रम कितीही चांगले असले तरी ते घरापर्यंत पोहोचतच नसत. दुसरी अडचण मोजणीची. एका गल्लीत किती जोडण्या आहेत हे फक्त केबलवाल्यालाच ठाऊक असे. तो वर कळवत असलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी असतो, ही वाहिन्यांची जुनी तक्रार होती. बॉक्स आला आणि प्रत्येक जोडणी वेगळी ओळखता येऊ लागली. डिजिटल म्हणजे चकचकीत चित्र असे आपण समजतो, पण इथे ते मुख्यतः वहीखात्याचे यंत्र होते.

केबल डिजिटल करण्याची चार महानगरांसाठीची पहिली मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली गेली. पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरे ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात आली, आणि ग्रामीण भागाचा शेवटचा टप्पा वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेला. इतकी वर्षे वाहिन्यांना दोन्ही व्यवस्था एकाच वेळी सांभाळाव्या लागल्या. केबलवरील जागेसाठी द्यावे लागणारे पैसे कमी झाले, पण बंद झाले नाहीत, कारण जागा वाढली तशा वाहिन्याही वाढल्या.

वाहिन्यांच्या वागण्यात मोठा फरक १ फेब्रुवारी २०१९ ला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे नवे दरपत्रक लागू झाल्यावर पडला. प्रत्येक सशुल्क वाहिनीला आपली किंमत जाहीर करावी लागली. ग्राहकाने निवडले तरच पैसे, असे ठरल्यावर वाहिन्यांनी झटपट आपापल्या वाहिन्यांचे एकत्रित पॅक बांधले आणि नावडत्या वाहिन्या आवडत्यांच्या आधाराने विकल्या. ग्राहकाला दिलेले निवडीचे स्वातंत्र्य त्यामुळे बरेचसे कागदावरच राहिले, असे माझे मत आहे. त्याच सुमारास मोठ्या प्रसारक समूहांनी फ्री डिशवरील आपल्या विनामूल्य हिंदी वाहिन्या काढून घेतल्या. जे फुकट दिसते त्यामुळे विकाऊ मालाचा उठाव कमी होईल, ही भीती त्यामागे होती. पुढे जाहिरातींचे उत्पन्न हातचे जाते असे दिसल्यावर २०२० मध्ये त्यांतल्या काही परतल्या.

प्रश्न : मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. घरातल्या अँटेनावर इतर वाहिन्या स्वच्छ दिसतात, पण सहा क्रमांकाची वाहिनी अडखळते. असे का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : अमेरिकेत पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी १२ जून २००९ ला ॲनालॉग बंद केले. तुमच्या या वाहिनीने त्या दिवशी आपले डिजिटल प्रक्षेपण उच्च वारंवारतेवरून पुन्हा जुन्या सहाव्या जागेवर आणले. तिथल्या लहरींची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, आणि बाजारात ‘डिजिटल’ म्हणून मिळणारे छोटे अँटेना अशा लांब लहरींसाठी बनवलेले नसतात. तक्रारी आल्यावर केंद्राला शक्ती वाढवण्याची परवानगीही मिळाली होती. ॲनालॉगमध्ये अशा वेळी चित्र पुसट होऊन का होईना दिसत राही. डिजिटलमध्ये ते चौकोन चौकोन होऊन गोठते किंवा नाहीसेच होते. ओढून लांब करता येणाऱ्या दोन दांड्यांचा साधा अँटेना खिडकीजवळ ठेवा, दांड्या पूर्ण उघडा आणि संचावर वाहिन्यांचा शोध पुन्हा एकदा चालवा.