स्कूटरचा पेट्रोलचा काटा कायम रिकामाच दाखवतो, टाकीतला फ्लोट घरी बदलता येईल का?

येतो बदलता, पण आधी फ्लोटच, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग, गेलाय का ते बघा. ठाण्याच्या पावसात बऱ्याचदा कपलरच्या (फ्लोटच्या वायरचा जोड) पिना हिरव्या पडतात नि काटा हलत नाही, त्या साफ करून बघा, पार्ट घ्यायची घाई नको. तरी नाही झालं तर टाकीत पेट्रोल कमी असताना, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच फ्लोट बाहेर घ्या, मल्टिमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) लावून फ्लोटची दांडी हळू वरखाली करा, आकडा मध्येच उडाला किंवा बदललाच नाही तर नवा टाका आणि रबर सीलपण नवंच, जुनं पेट्रोलने फुगतं नि परत नीट बसत नाही. आणि प्लीज हे सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचते, एक ठिणगी पुरे.