तो तास वाया जात नव्हता, ताई

साताऱ्याच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा नववीत, सेमी इंग्लिशला, पुस्तक हातात धरत नाही, मराठीच्या पेपरात निबंध चार ओळींत उरकतो, तुम्ही दोन वर्षांत तीन अ‍ॅपची सबस्क्रिप्शनं घेतलीत आणि आता चौथं कुठलं घेऊ विचारताय. हे सगळं दीड पान. आणि मध्येच जाता जाता एक ओळ, "सासऱ्यांना मोतीबिंदू आहे म्हणून हा रोज त्यांना पेपर वाचून दाखवायचा, पण त्यात तासभर वाया जायचा, म्हणून यंदा जूनपासून बंद केलं."

अहो, मग वाचत होता की तो! रोज तासभर, मोठ्यांदा, आणि ऐकणाऱ्याला खरंच ऐकायचं होतं. राग आला मला तुमचा, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात वाचताना पोरं अवघड शब्द गिळून पुढे जातात, मोठ्यांदा वाचताना तसं करता येत नाही, समोरचा लगेच म्हणतो काय म्हणालास, परत वाच. तुमच्या त्या अ‍ॅपमध्ये चार पर्यायांतला एक दाबला की झालं, स्वतःचं एक अख्खं वाक्य लिहायची वेळच येत नाही, मग निबंध चार ओळींचा होणार नाही तर काय.

चौथं अ‍ॅप नको. आज रात्रीच मामंजींना सांगा, उद्यापासून वाचन परत सुरू. त्यांचं ऑपरेशन तर कराच, पण डोळे लख्ख झाले तरी वाचून घेणं थांबवू नका.

ऑनलाइन जे हवंय ते फुकट पडलंय. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी ऑनलाइन ठेवलेत. तुम्ही सातवीत होतात त्या वर्षाचा अंक उघडून द्या, तुम्हालाही बघावासा वाटेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पण पहिल्या-दुसऱ्या पातळीची चित्रांची पुस्तकं चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवू नका, अपमान वाटतो त्यांना, चौथ्या पातळीच्या बघा. आणि पेपरातल्या एखाद्या गोष्टीवरून आजोबा-नातवाचं वाजलं (वाजू दे, चांगलं आहे) तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यातली नोंद काढून त्यानेच वाचून दाखवायची.

लिहायचं म्हणाल तर तेही तिथेच. आजोबांना त्यांच्या लहानपणचं काहीतरी विचारायचं, गावची जत्रा, शाळेतला मार, पहिली नोकरी, काहीही, ते सांगतील ते वहीत उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच वाचून दाखवायचं. ते म्हणतील "असं नव्हतं रे, मी असं कुठं म्हणालो", की तो खोडून परत लिहील. शाळेत पुन्हा लिहायला लावलं तर शिक्षा वाटते, इथे वाटणार नाही, कारण गोष्ट आजोबांची आहे आणि ती बरोबर यायला हवी.

ती वही तुम्ही मागायची नाही. त्या तासाला स्वयंपाकघरातच थांबा, एखादा शब्द चुकीचा वाचलेला ऐकू आला तरी बाहेर येऊ नका, मामंजी आहेत तिथे.