आधी गेट बंद, मग काटा रिकामा: गोमधले वर्कर थांबवताना

भाऊ, गो भाषेतल्या तुमच्या प्रोग्रामचा प्रश्न थोडक्यात असा: जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्या चॅनेलमध्ये (प्रोग्रामच्या आतल्या रांगेत) पडतात, चार गोरुटीन (एकाच वेळी चालणारी हलकी कामं), म्हणजे आपले वर्कर, त्या सर्व्हरला पाठवतात. लाइट गेली, यूपीएसनं मशीन बंद करायला घेतली, की प्रोग्राम कधी पॅनिक होतो (चूक होऊन कोसळतो), कधी लटकतो, कधी शेवटच्या पावत्या गायब. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पॅनिक होतो कारण चॅनेल वर्कर बंद करतोय. बंद चॅनेलमध्ये माल टाकला की पॅनिक, दुसऱ्यांदा क्लोज केलं तरी पॅनिक. जो माल टाकतो त्यानंच क्लोज करायचं. काटे दोन असतील तर टाकणाऱ्यांचा वेगळा वेटग्रुप (सगळे संपेपर्यंत थांबवणारा मोजणीदार) ठेवा. सगळे थांबल्यावर एकच गोरुटीन क्लोज करेल. क्लोजनंतरही आतला माल वर्करला मिळतोच, तो संपला की रेंज (चॅनेलमधून एकेक काढणारं लूप) आपोआप सुटतं. यार्डाचं गेट लागलं तरी आत आलेल्या गाड्यांचा काटा होतो ना, तसंच.

लटकतो कारण एरर आली की वर्कर रिटर्न होतो. चारही गेले, चॅनेलची जागा म्हणजे बफर भरला, की टाकणारा तिथंच अडकतो. एका पावतीसाठी वर्कर मरू देऊ नका. ती बाजूला नोंदवून पुढची घ्या. माल टाकणंही सिलेक्टमध्ये (जे आधी तयार होईल ते करणारी रचना), कॉन्टेक्स्टच्या (थांबायचा हुकूम पोचवणाऱ्या वस्तूच्या) डन चॅनेलसोबत ठेवा. वेटग्रुपचं ॲड गोरुटीन सुरू करण्याआधी, आणि वेटग्रुपचंच डन (‘काम झालं’) आत पहिल्याच ओळीत डिफरनं, म्हणजे फंक्शन संपताना ते चालेलच.

पावत्या जातात ते जास्त गंभीर. मुख्य फंक्शन मेन संपलं की बाकी गोरुटीन जागीच संपतात. लॉग डॉट फेटल (एरर लिहून प्रोग्राम तिथंच बंद करणारं) तर डिफरही चालू देत नाही. पण खरी चूक ही, की तुम्ही दोन हुकूम एकाच कॉन्टेक्स्टनं देताय. ‘नवा माल घेऊ नका’ वेगळं, ‘हातातलं सोडा’ वेगळं. वर्करच्या सिलेक्टमध्ये पावती आणि कॉन्टेक्स्टचं डन दोन्ही तयार असले तर गो कोणतंही एक निवडतो, म्हणून कधी पावती जाते, कधी राहते. पहिला कॉन्टेक्स्ट सिग्नल डॉट नोटिफायकॉन्टेक्स्टचा (बंद व्हायचा सिग्नल आला की रद्द होणारा, गो 1.16 पासून आहे), तो फक्त टाकणाऱ्याला द्या. दुसरा मुदतीचा, तो एचटीटीपी रिक्वेस्टला. सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणारा) डीफॉल्टनं 90 सेकंद थांबतो, डॉकर (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारा) स्टॉप 10. मग सरळ मारतात. सिस्टमडीखाली तुमची मुदत 60 ठेवा. गोच्या डीफॉल्ट एचटीटीपी क्लायंटला टाइमआउट नसतो, आणि आपल्याकडे लाइटमागोमाग टॉवरही जातो, म्हणून क्लायंटला 10 सेकंद लावाच.

बाहेरून गोरुटीन मारायची सोय गोमध्ये मुद्दामच नाही. जावात थ्रेड डॉट स्टॉप होतं. डेटावरचं कुलूप (लॉक) सुटायचं पण डेटा अर्धवट राहायचा. 1998 च्या 1.2 मध्येच ते वापरू नका म्हटलं, आणि जेडीके (जावाचा संच) 20 मध्ये ते नुसतं एक्सेप्शन फेकू लागलं.

हे सगळं केलं तरी वीज अचानक जाऊ शकते. पावती आधी एसक्यूलाइटमध्ये (मशीनवरच्याच फाइलमधला छोटा डेटाबेस), मग चॅनेलमध्ये. सर्व्हरचं उत्तर आल्यावरच ‘पाठवली’ अशी खूण. उत्तर वाटेत हरवलं तर तीच पावती पुन्हा जाईल, म्हणून सर्व्हरवर पावती क्रमांक युनिक हवा. नाहीतर शेतकऱ्याच्या नावावर एकच कापूस दोनदा चढेल.

तपासायला 1000 पावत्या सोडा, मध्येच सिगटर्म (‘बंद हो’ हा सिग्नल) द्या, पुन्हा सुरू करा, दोन्हीकडची मोजणी जुळवा. लटकला तर सिगक्विट हा दुसरा सिग्नल द्या, कोणतं गोरुटीन कुठल्या ओळीवर अडकलं ते सगळं छापून येतं.