दूध पुरतंय, आता तुझ्याकडे बघू

पत्र असं आहे:

"मावशी, मी भुसावळजवळच्या गावात राहते. 17 दिवसांपूर्वी सिझर होऊन मुलगी झाली. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून बाळंतपण सासरीच आहे. सासूबाई जीव लावतात, पण त्यांचे गुडघे धरलेत. मिस्टर रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहेत. दोन दिवस थांबले आणि ड्यूटीवर गेले, रजा बारशासाठी राखून ठेवलीय म्हणाले. बाळ रोज दिवेलागणीपासून दहा-अकरापर्यंत रडतं. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, 'पोट भरस नही तिनं, वरनं दूध द्या.' जन्मली तेव्हा 2 किलो 700 ग्रॅम होती, चौथ्या दिवशी घरी आणताना अडीच किलो भरली. चौदाव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं, 2 किलो 720. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. तरी काल पावडरचा डबा आला. खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, दोन्ही वेळा शेगडी. मला घामाने चक्कर येते. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. बाळाकडे बघून मला माया येत नाही. रोज संध्याकाळी रडू येतं, उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. मी वाईट आई आहे का? चोपड्याची माझी मावशी यायला तयार होती, सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून मीच नको म्हटलं."

पोरी,

तू शेवटी दबकत विचारलंस ते मी आधी घेते. तू वाईट आई नाहीस. पोटाला टाके आहेत, सलग दोन तास डोळा लागत नाही, मे महिन्याच्या उकाड्यात बंद खोलीत बसवलंय, आणि या दिवसांत जिच्या कुशीत शिरायचं ती आई नाही. अशा अवस्थेत माया लगेच उचंबळून येत नाही. कितीतरी बायकांना बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर फक्त भीती वाटते, ओढ नंतर लागते, पाजता-पाजता, न्हाऊ घालता-घालता. त्या हे बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपणच तेवढ्या अशा. तुला लंगोट किती ओले झाले ते माहीत आहे, तीन वेळचं वजन ग्रॅममध्ये पाठ आहे. माया नसलेली बाई हे लक्षात ठेवत नाही.

पण तुझं रडणं मी "होईल सगळं बरं" म्हणून सोडून देणार नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच भरून येणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात त्याचा तो परिणाम, आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. तुला 17 दिवस झाले, रडू रोजचं आहे आणि निघून जावंसं वाटतं. त्यामुळे याच आठवड्यात ज्या डॉक्टरांकडे बाळंतपण झालं त्यांना जाऊन हे जसंच्या तसं सांग. "थकवा आहे" एवढ्यावर थांबू नकोस. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, आपल्या देशात पाचातल्या जवळपास एका आईला तो गाठतो आणि उपचाराने बराही होतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशी औषधंही आहेत. घरातून बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर लाव. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार नुसता चाटून गेला तरी त्या क्षणी बाळ सासूबाईंच्या हातात दे, एकटी बसू नकोस आणि सरळ दवाखान्यात जा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता दूध. पोरी, याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत जवळपास प्रत्येक बाळाचं वजन उतरतं, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. तुझ्या लेकीचं 200 ग्रॅम उतरलं, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आतच. दहा ते चौदा दिवसांत बाळाने जन्माचं वजन परत गाठलं पाहिजे, तिने ते गाठून वर 20 ग्रॅम जास्त केले. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत 220 ग्रॅम, रोजचे 22. या वयाला रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा लंगोट ओले झाले तरी पोट भरतंय असं धरतात, तिचे सात-आठ होतात. पाच मिनिटं बसून चहा घेऊन जाणाऱ्या बाईपेक्षा आशाताईंच्या वजनकाट्यावर विश्वास ठेव. 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी त्या पुन्हा येतील, तेव्हा सासूबाईंना शेजारी उभं कर आणि काटा त्यांनाच वाचू दे.

मग संध्याकाळी ती रडते कशाला? या वयाची पोरं रडतात, आणि संध्याकाळीच जास्त. दुसऱ्या आठवड्यापासून हे रडणं वाढतं, दीड महिन्याच्या सुमाराला सर्वांत जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. तुझे पुढचे तीन-चार आठवडे आणखी अवघड जाणार आहेत. हे आजच सांगते, म्हणजे तेव्हा दुधावर खापर फोडायला कोणी आलं तर तू डगमगणार नाहीस. त्या तीन-चार तासांत ती दर तासाला प्यायला मागेल, तर पाज. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे, रात्रीचं पाजणं तर दूध वाढवणारं. दूध विहिरीसारखं असतं, उपसाल तसं भरतं. पावडरची बाटली एकदा सुरू झाली की बाळ तुझ्याकडे कमी ओढतं, दूध खरंच आटायला लागतं, आणि मग त्या बाया म्हणतील, बघ, आम्ही सांगितलं होतं. डबा उघडू नकोस. वरचं दूध बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासून सांगितलं तरच.

पाजताना एकदा नीट निरखून बघ. नुसतं स्तनाग्र तिच्या तोंडात असेल तर तिला दूध कमी मिळतं आणि तुला चिरा पडतात. तिचं नाक स्तनाग्रासमोर आण, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांब, आणि मग तिला तुझ्याकडे ओढ. तू वाकू नकोस. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतोय, आणि दोन-तीनदा ओढल्यावर गिळल्याचा आवाज येतोय, म्हणजे जमलं. सिझरच्या टाक्यांवर तिचा भार नको, म्हणून कुशीवर पडून पाज, किंवा तिला बगलेखाली उशीवर घेऊन, तिचे पाय तुझ्या पाठीकडे जातील असं धर. पाजून झालं की खांद्यावर उभी धरून ढेकर काढ. रडणं थांबत नसेल तर तिला फक्त लंगोटावर तुझ्या उघड्या छातीशी धर, वरून सुती साडी टाक. हे काम तिच्या बापालाही येतं.

खोलीचं मात्र आजच बदलायला हवं. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, अशा हवेत खिडकी बंद करून शेगडी पेटवणं हे बाळ-बाळंतिणीच्या जिवाशी खेळ आहे. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि चक्कर हे त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक. तुला चक्कर येतेय! शेगडी आजपासून बाहेर. सासूबाईंना कंबर शेकायचीच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, फक्त टाक्यांपासून लांब. पंखा लावा. कूलर लावला तर एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साचतो. झोत थेट बाळावर नको, एवढं पथ्य पुरे. टोपरं, मोजे, दुपटं या दिवसांत नकोत, एक सुती झबलं बस. तिच्या छातीला आणि मानेमागे हात लाव. तिथे घाम असेल, अंग लाल आणि तापलेलं असेल तर कपडे काढ आणि पाज. आणि कितीही ऊन असलं तरी तिला वरचं पाणी नको, आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं. पाणी तुला हवं. बाळाला सर्दी होईल म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडतात, त्याला काही अर्थ नाही. पाजायला बसताना शेजारी तांब्या भरलेला ठेव.

खाण्याबद्दल फार सांगत नाही, ते सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. बाजरीची भाकरी, वरण, मेथीची भाजी, अळिवाची खीर, सगळं चालू दे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या मात्र चुकवू नकोस.

सासूबाई आणखीही दोन-चार गोष्टी करत असतील. मध आणि गुटी बंद (एक वर्षाच्या आत मध नकोच), काजळ बंद, बेंबीला काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. मुलीची छाती थोडी सुजलेली दिसली तर पिळायची नाही, तुझ्या संप्रेरकांमुळे तसं होतं आणि आपोआप जातं. झोपवायचं ते पाठीवर. मालीश मात्र खुशाल करू द्या, हलक्या हाताने, नाकात आणि कानात तेल न घालता. बसल्या जागी पाय पसरून नातीला तेल लावणं हे काम गुडघे धरलेल्या आजीसारखं कोणी करणार नाही, आणि त्या अर्ध्या तासात तू झोपायचंस.

आणि चोपड्याच्या मावशीला आज फोन कर. तू ज्याला अशक्तपणा समजतेस त्यातलं अर्धं दुःख आईचं आहे. ती गेली तेव्हा रडलीस, पण या सव्वा महिन्यात ती नाही हे आता नव्याने कळतंय. आईकडचं कोणीतरी तुझ्याजवळ हवं, तिच्याविषयी बोलायला हवं. सासूबाईंना असं सांग: "आई, तुमचे गुडघे माझ्यामुळे आणखी दुखायला नकोत. मावशी पंधरा दिवस येते, भाकरी-कपडे ती बघेल, तुम्ही नातीला घ्या." त्यांना वाईट वाटेल असं तू धरून चाललीस. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं होईल. या वयात एकट्याने बाळंतपण काढणं सोपं नाही, आणि तुझ्यासारखंच त्यांनाही "नको" म्हणता येत नसेल. मावशी आल्यावर दारातल्या पाहुण्यांनाही तीच सांभाळेल: हात धुवून या, सर्दी असेल तर बाहेरूनच बघा, पापे घेऊ नका.

हे कागदावर लिहून भिंतीला चिकटव. बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला 60 पेक्षा जास्त किंवा छाती आत ओढली जातेय, काखेत 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, किंवा अंग गार पडलंय, झटके, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तुझ्यासाठी: तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, टाक्यांतून पू, एकाच पायाला सूज आणि कळ, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी. गाडीसाठी 102 किंवा 108.

इथून पुढचं तुझ्या मिस्टरांना वाचायला दे.

दादा, तुमच्या ड्यूटीचा ताण मला कळतो. रात्रभर इंजिनात बसून आलेल्या माणसाला झोप हवीच, त्याच्यावर कितीतरी जणांचा जीव असतो. पण रजा बारशासाठी राखून ठेवू नका. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असताना, बाळंतपणासाठी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती तुमच्या इतर रजेतून वजा होत नाही, जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, नाही घेतली तर बुडते. बारशाला एक दिवस पुरतो. बायकोला तुम्ही आत्ता हवे आहात, संध्याकाळी सात ते अकरा बाळ खांद्यावर घेऊन अंगणात फिरायला, आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जायला. तिथे ती बोलताना अडखळली तर हे पत्र डॉक्टरांपुढे ठेवा. रजेचा अर्ज उद्याच द्या.